बिनफवाऱ्याची पानं

विश्रामबाग, सांगली
३ डिसेंबर २०२४

आकाराम,

वर काय लिहावं या विचारात दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू फाडशील, ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर हसशील. म्हणून नुसतं नाव. फोन तू उचलत नाहीस. पोस्टमन मात्र पत्र हातात देतो, ते घ्यावंच लागतं. माझ्या वडिलांनी तुमच्या गावचं पोस्ट सांभाळलं, त्याचा मला एवढा तरी उपयोग.

शाळेच्या मेळाव्याचा विषय मी या पत्रात काढणार नाही. माहुलीकर गुरुजींची कविता तीन कडव्यांची होती की चार, याचाही नाही. (तीन होती.) काम वेगळं आहे.

माझ्याकडे एक कासव आलंय.

हसू नकोस. मयूरी, माझी नात, पुण्यात नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातली एक मुलगी कॅनडाला गेली आणि जाताना कासव हिच्या गळ्यात पडलं. आफ्रिकेतलं, जमिनीवरचं. वनखात्याकडे रीतसर नोंद झालेलं, नावावर करून घेतलेलं, सगळी कागदपत्रं आहेत. मयूरी दिवसभर बाहेर, तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, ऊन म्हणून येत नाही. तेव्हा तिनं ते गेल्या रविवारी माझ्याकडे आणलं. शहाळ्याएवढं असेल. मान बाहेर काढली की गळ्याला सुरकुत्या, आणि डोळे असे मिचकावतं की चष्म्यावरून बघणारे माहुलीकर गुरुजीच. मी त्याला गुरुजीच म्हणतो.

शौनकला, म्हणजे माझ्या मुलाला, हे पटलेलं नाही. पद्मा गेल्यापासून तो मला पुण्याला ये म्हणतोय. या वेळी फोनवर म्हणाला, “बाबा, असं करू. हे कासव सांभाळून दाखवा. संक्रांतीला मी येतो. ते धडधाकट असेल तर तुम्ही तिथे राहा, मी परत विषय काढणार नाही. नाहीतर दोघांनाही घेऊन जाईन.” म्हणजे गुरुजी जगले तर मी सांगलीत. नाहीतर पुण्यात आठव्या मजल्यावर, समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत.

पहिल्याच दिवशी मी घोळ केला. कासव म्हणजे पाणी, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं. तांब्याचं घंगाळ गळ्यापर्यंत भरलं आणि त्यात त्याला सोडलं. मला वाटलं पोहतंय. हरणाबाई, माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती माण तालुक्याकडची बाई, ओरडली, “आवं काका, ते पवत न्हाई, बुडतंय!” आणि तिनंच त्याला पदरात उचललं.

ते काही खात नाही. मयूरीनं लिहून दिलंय : गवत, जास्वंदीची पानं, निवडुंगाचं जाड पान, द्राक्षाची पानं. फळं नकोत, दूध नको, भात नको. मी जास्वंद घातली, गवत घातलं. वास घेतं आणि मान आत. पुण्यातली ती मुलगी त्याला द्राक्षाची पानं द्यायची, कुठून तरी मागवून. तीच सवय लागली असेल.

आता तू म्हणशील, तासगाव तालुक्यात द्राक्षाच्या पानांचा काय तुटवडा. आहे. मी कवलापूरच्या रस्त्यावर एका बागेपाशी रिक्षा थांबवली. मालक भला माणूस, पण हात जोडून म्हणाला, “काका, एक पान बी नेऊ नका. कालच फवारा मारलाय, परवा बी मारणार हाय.” पुढच्या बागेतही तेच. एवढी हिरवीगार पानं डोळ्यांसमोर, आणि त्यातलं एक खाण्याजोगं नाही.

तेव्हा आठवली ती तुझ्या गोठ्याच्या मांडवावरची वेल. काळी, बियांची, आंबट. मनुवहिनींनी लावलेली. तिला कधी औषध मारू दिलं नाही त्यांनी, खाली गुरं बांधतात म्हणून. ती वेल आहे का अजून?

एवढंच विचारायचं होतं.

हरी


(पोस्टकार्ड. पाकिटात घालून आलेलं, सोबत वाळलेली पानं.)

मळा
८ डिसेंबर

हरी,

पत्र पोचलं. वेल हाय. तुज्या कासवाला पानं पाठवतोय. तीन. चौथं पान नसतंय, ते लोक घरी तयार करत्यात.

कासव बाटलीत ठेवल्यागत घरात कशाला ठेवतोस? आमच्या हिरीत आणून सोड. आमच्या आज्याच्या टायमाला हिरीत कासव आसायचं, पाणी चकाक.

आकाराम


सांगली
१३ डिसेंबर २०२४

आकाराम,

तीन पानं मिळाली. वाळून पापड झालेली. पाकीट हातानंच नीट चिकटवलेलं दिसलं, डिंकाचे डाग होते. मेळाव्याचा राग तू असा फेडलास तर. असो. विनोद चांगला होता, हे मी कबूल करतो. मीही हसलो असतो, पण गुरुजींनी ती पानंही खाल्ली नाहीत.

विहिरीचा सल्ला मात्र कोणालाही देऊ नकोस. हे रानातलं कासव आहे, विहिरीत सोडलं तर दगडासारखं तळाला जाईल. आपण दोघंही सत्तरी ओलांडलेले, आणि कासव म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गंमतच आहे नाही? लहानपणी रोज त्या महादेवाच्या देवळातल्या दगडी कासवावर पाय पडणार नाही असं जपून आत जायचो. आठवतं तुला, तू त्याच्या पाठीवर चिंचोके फोडायचास आणि गुरवानं आपल्याला पळवून लावलं होतं? त्या कासवावरूनच तर माहुलीकर गुरुजींनी कविता केली.

दारातल्या रे कासवा
कुणासाठी तू थांबशी
देव आत, लोक आत
तूच एक उंबऱ्याशी

कुठल्या पुस्तकात छापली नाही, फळ्यावर लिहून दिली. पण आयुष्यात शिकलेल्या सगळ्या कवितांत मला हीच पुरली. पाटबंधारे खात्यात फायली लावताना, पद्माच्या उशाशी दवाखान्यात बसताना. तिसरं कडवं म्हणजे तर

ऊन गेले, वारा गेला
गेले पाखरांचे थवे
पाय पोटाशी घेऊन
तुझे बसणे बरवे

इथे कविता संपते. इथेच संपायला हवी. यापुढे काही असेल असं मला कधी वाटलंच नाही. म्हणून त्या दिवशी माईकवर तू चौथं म्हणायला लागलास आणि माझ्या तोंडून गेलं, “आकाराम, हे तू पदरचं घालतोयस.” लोक हसले. तू जेवण न करता निघून गेलास, मनुवहिनींना ताटावरून उठवून.

विषय काढणार नव्हतो.

इकडच्या गुरुजींची तब्येत बरी नाही. पाय पोटाशी घेऊन नुसते बसून असतात. परवा थंडी पडली तेव्हापासून डोळेही धड उघडत नाहीत. हरणाबाईनं माझ्या नकळत दूधभात ठेवला, वर हळदीकुंकू वाहिलं. मी रागावलो तर म्हणाली, “देवळातलं कासव आपल्या दारात आलंय काका, आन तुमी त्याला पाला घालताय? देवाला कोन पाला घालतंय?” मी म्हटलं, महादेवाला बेल घालतात की. तरी शेजारच्या बायकांना तिनं सांगितलंच. सोमवारी दोघी ताम्हण घेऊन दारात. मी त्यांना चहा दिला आणि कासव शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. पाठीवरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसताना मला भीती वाटली, हात लावला तरी ते हलेना.

शौनकचा रोज व्हिडिओ कॉल येतो. “कासव दाखवा.” काल मी सांगितलं, झोपलंय. आज सांगितलं, बाहेर उन्हात आहे. उद्या काय सांगू?

आकाराम, मला पुण्याला जायचं नाही. इथे सकाळी पेपरवाला मला हाक मारतो. पद्मानं लावलेली जाई कुंपणावर आहे. तिथे मला कोण ओळखतं?

पानं ताजी हवीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

हरी


सांगली
१८ डिसेंबर २०२४

आकाराम,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी स्वतःला समजावतो, पण पोस्टमास्तरचा मुलगा आहे मी, पत्रं पोचतात हे मला ठाऊक आहे.

मयूरीनं पुण्याच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांशी फोन लावून दिला. त्यांनी कॅमेऱ्यातून गुरुजींना बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, त्याला ऊब कुठे आहे?” मी म्हटलं, पांघरूण घातलंय. पद्माची शाल. डॉक्टर हसले नाहीत, चांगला माणूस. म्हणाले, कासवाला स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते. शालीला कुठली ऊब? ऊब नाही तर पोट चालत नाही, पोट चालत नाही तर भूक नाही. आधी ऊब, मग रोज थोडा वेळ कोमट पाण्यात, गुडघ्यापर्यंत, म्हणजे त्याच्या गुडघ्यापर्यंत. मग ज्याची त्याला सवय आहे ते ताजं पान. आणि समुद्रफेस, कवचाला चुना मिळावा म्हणून. समुद्रफेस मी काष्ठौषधीच्या दुकानातून आणला. दुकानदाराला तो कानाच्या औषधाचाच ठाऊक, म्हणाला, “कान फुटलाय का आजोबा?”

घर बांधलं. तुझा विश्वास बसणार नाही, पण मी, ज्याला खिळा ठोकता येत नाही असं तू सगळ्या गावाला सांगायचास. आमच्या हॉलमधलं टीव्हीचं जुनं शोकेस आठवतंय? पद्माच्या माहेराहून आलेलं? ते आडवं पाडलं. काचा काढल्या. तळाशी माती, वर कडब्याची कुट्टी. एका कोपऱ्यात कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसला बल्ब टांगला, दुसऱ्या कोपऱ्यात पालथी कौलं ठेवली, लपायला. दिवसा गच्चीत ऊन, संध्याकाळी शोकेस. पद्मा असती तर म्हणाली असती, माझ्या हुंड्याचं फर्निचर कासवाला दिलंत.

आज गुरुजींनी डोळे उघडले. मान बाहेर काढून बल्बकडे पाहत बसले होते, शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडे बघावं तसे. पण तोंड नाही लावलं कशाला.

रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. त्याला मराठीही येत नाही, कडव्यांचा हिशेब तो काय ठेवणार.

हरी


सांगली
२२ डिसेंबर २०२४

आकारामा,

खाल्लं! खाल्लं रे, खाल्लं!

नीट सांगतो. दुपारी दारात टेम्पो थांबला. तुझ्या बेदाण्याचे बॉक्स सौद्याला नेणारा धुळा. हातात ओल्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. म्हणाला, “म्हाताऱ्यानं न्हाई दिलं, मनुआजीनं दिलंय. म्हनली, ही दोन म्हातारी भांडू द्यात, मुक्या जिवानं काय घोडं मारलंय?” मी विचारलं, आणि आकाराम काय म्हणाला? धुळा हसायला लागला. “त्येनीच तर शिडी लावून तोडली पानं. पर सांगू नको म्हनलंय.”

म्हणून मी हे तुला सांगत नाहीये.

एक पान घेतलं, देठ धरून गुरुजींसमोर हलवलं. मान आली. नाक लावलं. मग आकाराम, त्यांनी असा एक घास घेतला, कात्रीनं कागद कापावा तसा आवाज झाला. कर्र. मग दुसरा. पानाला चंद्रकोर पडली. मी आणि हरणाबाई जमिनीवर बसून बघत होतो. हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला, म्हणाली, “लय भुकेजलं व्हतं वो.” पद्मा गेल्यापासून या घरात कोणी एवढ्या चवीनं जेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शौनकचा फोन. या वेळी मीच म्हटलं, थांब, कॅमेरा लावतो. बघितलं त्यानं. मग म्हणाला, “बाबा, ते आपलं शोकेस आहे का?”

पानं फ्रिजमध्ये आहेत, भाजीच्या कप्प्यात. हरणाबाईनं त्यावर कोथिंबीर ठेवायची नाही अशी मी सक्त ताकीद दिली आहे.

मनुवहिनींना नमस्कार सांग. आणि शिडीवर चढू नकोस या वयात.

हरी


(पोस्टकार्ड)

मळा
३० डिसेंबर

हरी,

धुळ्याला शिव्या दिल्या. शिडी धरायला मनुबाई व्हती.

आता तू इषय काढलासच म्हणून सांगतो. तिसऱ्या कडव्यानंतर गुरुजी थांबलं नव्हतं. माघ म्हैना व्हता. तू वर्गात न्हवतास. तुजी मुंज व्हती, वाईला, आजोळी. तू परत आलास तवा डोक्याचा चकोट करून, शेंडी ठेवून, आन आमी सगळी पोरं तुला नारळ म्हणून चिडवायचो. आठवलं का? तू वाईला लाडू खात व्हतास तवा गुरुजींनी चौथं कडवं फळ्यावर घातलं. दुसऱ्या दिवशी पुसलं. तुला ते कुणी दिलं न्हाई कारण तू कुणाशी बोलतच न्हवतास, नारळ म्हणत्यात म्हणून.

मी पदरचं घातलं न्हाई. मला दोन ओळी जोडता येत न्हाईत. फवाऱ्याची येळ सोडून मी काय लिवलंय आयुष्यात?

पानं धुळ्याबरोबर दर आठवड्याला येतील. बेदाणा संपला तरी येतील.

आकाराम


सांगली
१५ जानेवारी २०२५

प्रिय आकाराम,

(आता लिहू शकतो.)

मुंज. कसा विसरलो? वाईचा घाट आठवतो, आजीनं भिक्षावळीला घातलेले लाडू आठवतात, थंडगार न्हाणं आठवतं. पण मी शाळेत नव्हतो, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी मी जिथे नव्हतो तिथे शाळा भरतच नव्हती. आणि नारळ! सगळं विसरलो होतो, पण ते वाचल्याबरोबर हात आपसूक डोक्याकडे गेला. तिथे आता शेंडीही नाही आणि केसही.

तुझं कार्ड मी शौनकला वाचून दाखवलं. तो काल संक्रांतीला आला होता. येताना गाडीच्या डिकीत रिकाम्या सुटकेस आणल्या होत्या, त्या मी पाहिल्या. आल्या आल्या बूट न काढता सरळ गच्चीत गेला. गुरुजी उन्हात बसलेले, पाय आत, मान आत. जणू तेही मेळाव्याहून रागावून आलेत. म्हटलं, आज नेमकं.

शौनक खाली वाकला. “बाबा, हे हलत नाहीये.”

मी म्हटलं, “थांब, नवीन माणूस आलाय म्हणून.” पानं आणली, तुझी, आदल्याच दिवशी धुळ्यानं दिलेली. समोर ठेवली. काही नाही. हरणाबाई जिन्यातून बघत होती, हात जोडलेले. शौनक घड्याळाकडे बघत होता. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी गुरुजींच्या शेजारी बसलो, त्यांच्या पाठीवर हलकेच तळहात ठेवला. ऊन लागून पाठ गरम झाली होती, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी. दोनदा थोपटलं. म्हटलं, “चला गुरुजी, जेवायची वेळ झाली.”

एक पाय आला बाहेर. मग दुसरा. मग मान. आणि गुरुजी उठले, सगळं अंग उचलून, आणि पानांकडे नाही, शौनककडे निघाले. त्याच्या बुटाच्या नाडीचा घास घेतला.

शौनक एवढा हसला की शेजारपाजारचे लोक बघायला आले. नाडी सोडवता सोडवता त्याचे डोळे भरले. म्हणाला, “आईचं शोकेस मोडलंत, माझी नाडी खाल्ली. राहा बाबा, इथेच राहा. पण डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावा.” जाताना त्या रिकाम्या सुटकेसमध्ये त्यानं बेदाणे, तीळगूळ आणि पद्माचा पाटा-वरवंटा नेला. मला हलकं वाटलं, इतकं की काल पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो.

आणि झोपेतून उठल्यावर लक्षात आलं. पाठीवर थाप दिली आणि पाय बाहेर आले. आकाराम, तू त्या दिवशी माईकवर म्हणत होतास ते काय होतं? मी दुसऱ्याच ओळीला तुला अडवलं. माझ्या कानात फक्त ‘एक दिस कोणीतरी’ एवढंच उरलंय. पुढचं मी ऐकलंच नाही.

तू लिहून पाठवू नकोस. पोस्टातून आलेली कविता वाळलेल्या पानासारखी असते. पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या टेम्पोतून पानांबरोबर तूच ये. मनुवहिनींनाही आण, त्या दिवशी मेळाव्यात अर्धवट राहिलेलं जेवण माझ्याकडे बाकी आहे. हरणाबाई पुरणपोळी करते म्हणतेय. मी गच्चीत सतरंजी टाकतो. गुरुजी समोर बसतील. तू उभा राहा, हात मागे बांधून, शाळेत म्हणायचास तसं, पहिल्यापासून म्हण.

मी मध्ये बोलणार नाही.

तुझा
हरी


(पोस्टकार्ड)

मळा
१९ जानेवारी

हरी,

गुरुवारी येतो. मनुबाई कासवाला बघायचं म्हणून दोन दिवस झालं लुगडं पेटीतनं काढून बसलीया. पुरणपोळी दोनच वाढायला सांग, साखर हाय मला.

आन तू यायला सांगतोस, पर मला दम धरवत न्हाई. इतकी वर्सं पोटात ठेवलंय. गुरुवारी परत म्हणीन.

एक दिस कोणीतरी
पाठीवर देई थाप
म्हणे चल रे सोबती
पाय निघे आपोआप

आकाराम